कल्पक या शब्दापुढचे नाव

मित्रांनो, मी एक जुना शब्दकोश आहे. एका शब्दासाठी दहा शब्द देणारा. पलूसजवळच्या एका गावात, वाचनालयाच्या कपाटावर, गेली दोन वर्षे मी आडवा पडून आहे. माझी बांधणी सुटली आहे आणि पाठीवरचे नाव उंदरांनी वाचून संपवले आहे.

माझा जन्म साताऱ्याच्या एका छापखान्यात झाला. खिळे जुळवणाऱ्यांनी एकेक अक्षर उचलून मला घडवले. गावात आलो तेव्हा वाटले, मुले येतील, शब्द शोधतील. आले ते मानपत्रे लिहिणारे गोपाळकृष्ण गुरुजी.

आमच्या भागात सत्कार म्हटला की शाल, श्रीफळ आणि काचेच्या चौकटीतले मानपत्र हवेच. गुरुजी आधी मानपत्र लिहीत, मग ते कुणाला बसते ते पाहत. त्यामुळे माझे दोनशे बारावे पान सर्वांत मळके आहे. नवी कल्पना काढणाऱ्या, ती लोकांत रुजवणाऱ्या माणसांचे शब्द त्यावर आहेत. जनक, प्रणेता, प्रवर्तक, उद्गाता. रस्त्यावर एक उंचवटा घालणारे सरपंच 'सुरक्षित वाहतुकीचे प्रणेते' झाले. दूध संस्थेचे कुलूप बदलणारे अध्यक्ष 'नवविचारांचे उद्गाते' झाले.

त्या रांगेत शेवटी 'कल्पक' हा शब्द आहे. तीन अक्षरांचा, हलका. चौकट भरत नाही म्हणून गुरुजींनी तो कधी घेतला नाही. आपल्याला एक तरी खरे माणूस मिळावे, असे त्या शब्दाला फार वाटे. मलाही वाटे.

१९९४ साली बागायतदार लालासाहेबांचा सत्कार ठरला. द्राक्षाचे मणी फुगावेत म्हणून प्रत्येक घड औषधाच्या मगात बुडवावा लागतो. बायका दिवसभर हात वर धरून हे काम करतात आणि औषध कोपरापर्यंत ओघळते. लालासाहेबांच्या बागेत मात्र मगाच्या काठाला सायकलच्या ट्यूबची पसरट झालर होती. ओघळ त्या झालरीतून परत मगात जाई. दोन तालुक्यांतले बागायतदार ते पाहून गेले. गुरुजींनी माझे पान उघडले आणि लिहिले, 'नवतंत्राचे आद्य प्रवर्तक'.

सत्काराच्या आदल्या दिवशी येसूबाई वाचनालयात आली. ती त्याच बागेत मजुरीला जाई. सोबत कॉलेजात शिकणारी तिची मुलगी पायल होती. आत या म्हटले तरी येसूबाई पायरीवरच थांबली.

“आवं गुरुजी, ती झालर मी लावलीया. हाताला फोड आलं तवा. मालकांनी फकस्त मग इकत आणलं.”

“अगं, बाग त्यांची, मग त्यांचा.”

“व्हय की. हात कुणाचा हुता, तेवढं लिवा. मानपत्र त्यांचं त्यांस्नी द्या. एका कोपऱ्यात माझं नाव येऊ द्या.”

“चौकट झाली, काच बसली. आता कुठं घुसडू?”

“लय कडक काच दिसती,” येसूबाई म्हणाली.

पायलने विचारले, “गुरुजी, मग आमच्या आईला काय म्हणायचं?”

गुरुजींनी मला उघडले. त्यांचे बोट रांगेवरून खाली उतरत 'कल्पक'पाशी आले आणि थांबले. मग त्यांनी मला मिटले आणि म्हणाले, “बघू पुढच्या वर्षी.”

दुसऱ्या दिवशी टाळ्या मला कपाटातून ऐकू आल्या. बराच वेळ चालल्या.

त्यानंतर पायल एकटी आली. तिने दोनशे बारावे पान काढले आणि 'कल्पक'पुढे पेन्सिलीने लिहिले, 'येसूबाई. मगाची झालर.' पुस्तकात लिहिणाऱ्याचे सभासदत्व रद्द होईल, अशी पाटी तिच्या डोक्यावरच होती. ग्रंथपाल चारुलताबाईंनी पाटीकडे पाहिले, पायलकडे पाहिले आणि मला जागेवर ठेवले. माझ्या आयुष्यात माझा मान झाला तो एवढाच.

पुढच्या वर्षी गुरुजींनी काही बघितले नाही. नंतर नवा, चकचकीत शब्दकोश आला आणि मी कपाटावर गेलो. आता माझे नाव रद्दीच्या यादीत आहे.

मित्रांनो, पुस्तकात काही लिहू नये, हे खरे तर मीच तुम्हाला सांगायला हवे. सांगतो. पण मला ठेवायला जागा नसेल, तर दोनशे बारावे पान तेवढे काढून घ्या. पेन्सिल पुसट होत चालली आहे. ती ओळ कुणीतरी शाईने गिरवा.