भैरवी झाली साडेनऊला

आमच्या संगीत महोत्सवाची पहिली बैठक रविवारी सकाळी आठला सुरू झाली आणि साडेनऊला मोडली. कार्यक्रम खरं तर साडेअकरापर्यंत होता. बैठक कुणी मोडली म्हणाल, तर आम्हीच. पार्श्वनाथ आण्णांनी आणि मी.

पार्श्वनाथ आण्णा म्हणजे शाहूपुरीतले गुळाचे व्यापारी. हातात गुळाचा खडा आणि कानात गाणं, असा माणूस. तरुणपणी एकेका बैठकीसाठी त्यांनी मिरज-धारवाडच्या वाऱ्या केलेल्या. गेल्या वर्षी त्यांच्या मनात आलं, की पक्कं गाणं ऐकायला दर वेळी तीच पन्नास माणसं येतात, त्याच खुर्च्यांवर बसतात आणि त्याच जागी डुलक्या घेतात. जी माणसं कधी आलीच नाहीत, त्यांच्यासाठी एक महोत्सव करायचा. तिकीट वीस रुपये. ते तर फुकटच ठेवा म्हणत होते, मी अडवलं. म्हटलं, "आण्णा, फुकट म्हटलं की माणूस येतो, पण त्याचं मन घरीच राहतं."

मला त्यांनी बरोबर घेतलं ते माझ्या कीर्तनाच्या वेडापायी. कोल्हापुरात कुठल्या देवळात आज कोण बुवा उभे राहणार, हे लोक मला विचारतात. उपास एखादा चुकला असेल माझा, कीर्तन चुकलेलं नाही. तेव्हा तिकिटं खपवायला मी माझ्याच गोतावळ्यात फिरले. कीर्तनाला शेजारी बसणाऱ्या बायका, सप्ताहात पंगतीला वाढणारी माणसं आणि बिद्रीचं भजनी मंडळ.

बिद्रीला जायचं कारण वेगळं होतं. महोत्सवात गाणारी निशिगंधा तिथली. वडील साखर कारखान्यात कामाला, आणि ही अकरा वर्षं एसटीनं कोल्हापूरला गाणं शिकायला येतेय. तासभर एकटीनं बैठक रंगवायची, ही तिची पहिलीच वेळ. तिचे आजोबा आकाराम मामा हे भजनी मंडळाचे पखवाजी. नात त्यांच्याच मांडीवर बसून गायला शिकली. पण ती पक्क्या गाण्याकडं वळली तेव्हापासून मामांनी तिचं गाणं काही ऐकलं नव्हतं. "एकच ओळ अर्धा तास घोळवायची," ते म्हणायचे, "देवाला तरी कळतंय का, बाईला काय पायजे ते?"

निशिगंधा मला म्हणाली होती, "काकू, हॉल भरू दे, न भरू दे. आबांना तेवढं आणून बसवा. त्यांनी एकदा ऐकलं ना, की मग मी कुठंही गाईन."

मी मामांच्या हातात तिकीट ठेवलं. त्यांनी वीस रुपये मोजून दिले, घडी घालून तिकीट टोपीत ठेवलं आणि म्हणाले, "आता पैसं दिल्यात म्हंजे यायलाच लागतंय."

रविवारी बिद्रीहून भरलेला टेम्पो आला. हॉलमध्ये सतरंज्या पसरल्या होत्या, त्यावर तीनशे माणूस मांडी घालून बसलं. आण्णांनी 'शास्त्रीय संगीत कसे ऐकावे' असा एक कागद छापून घेतला होता. मध्ये उठू नये, मध्ये बोलू नये, टाळ्या शेवटी वाजवाव्यात. लोकांनी तो श्रद्धेनं घेतला आणि बुडाखाली घातला.

आधी वृषभची बासरी, मग निशिगंधाचं गाणं, असा बेत. दीपप्रज्वलन झालं, पाच भाषणं झाली, लोकांनी पाचही वेळा पंख्याकडं बघून घेतलं. मग वृषभनं सकाळचा राग असा काही उभा केला, की माझ्या शेजारची तानाबाई, जी कीर्तनातसुद्धा गप्प बसत नाही, ती गप्प बसली.

सव्वानऊला पुढं मानाच्या खुर्चीवर बसलेले धैर्यशील साहेब आण्णांच्या कानाशी लागले. हॉल ज्या संस्थेचा तिचे हे अध्यक्ष, आणि हॉल त्यांनी भाडं न घेता दिलेला.

"आण्णा, मला वारणानगरला साखरपुडा गाठायचाय. जाता जाता तेवढी भैरवी ऐकवा की. आमच्या आईला लई आवडायची."

आता भैरवी शेवटी म्हणायची, हा रिवाज. भैरवी झाली की बैठक संपली. आण्णा मला घेऊन व्यासपीठाशी गेले. वृषभ कुजबुजला, "आण्णा, अजून निशिगंधा गायचीय. मी आत्ता भैरवी कशी वाजवू?"

आण्णा म्हणाले, "वाजवा हो. साहेबांचं मन मोडायला नको. आणि हे सगळे नवे लोक, यांना कुठं कळतंय?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मीही मान हलवली. देव साक्षी आहे, खोटं कशाला सांगू.

भैरवी फार गोड झाली. साहेबांनी डोळे पुसले, मीही पुसले. शेवटचा सूर विरला, टाळ्या झाल्या, आणि तीनशे माणसांनी एकदम जमिनीला हात लावून कपाळाला लावला आणि सगळी उठली. पोरं कडेवर घेतली, पिशव्या गोळा केल्या, चपला शोधायला लागली. साहेबांना वाटलं, आपल्या मानासाठी सभा उभी राहिली. ते सगळ्यांना हात जोडत जोडत बाहेर गेले.

मी दाराकडं पळाले. आकाराम मामांनी एक चप्पल घातलीसुद्धा होती.

"मामा, कुठं निघालाईसा?"

"घरला."

"अहो, निशिगंधा गायचीय अजून."

"व्हय, कागदावर नाव हुतं की." मामा खाली बघतच बोलत होते. "पर भैरवी झाली न्हवं. वेळ कमी पडला असंल तुमास्नी. हुतंय असं, कार्यक्रम म्हटल्यावर."

एवढ्यात आण्णा धापा टाकत आले. "मामा, ती नुसती फर्माईश होती हो."

"फर्माईश असू दे न्हायतर काय बी असू दे. भैरवी झाल्यावर कुणी तोंड उघडत न्हाय. आमच्या आज्ज्यापास्नं हाय हे."

"आम्हाला वाटलं, लोकांना एवढं..." आण्णा बोलून बसले आणि थांबले.

मामांनी वर बघितलं. "आण्णा, तिकीट वीस रुपयांचं काढलं, म्हणून अक्कलबी आमची वीस रुपयांचीच धरलीसा व्हय?"

मागची माणसं खदखदून हसली. आण्णांचे कान लाल झाले. पण माणूस मोठ्या मनाचा. त्यांनी सरळ हात जोडले. "चुकलो मामा. रीत मी मोडली. पण तिची शिक्षा तुमच्या नातीला नको."

"नात हाय म्हणूनच तर." मामांचा आवाज खाली आला. "परक्याची पोर असती, तर केला असता कानाडोळा. सवताच्या नातीसाठी रीत मोडली, तर उद्या मंडळात मला कोण इचारंल?"

मी मागं वळून पाहिलं. निशिगंधा रंगमंचाच्या पडद्याशी उभी होती. मोरपिशी साडी, कपाळावर घाम. तिला सगळं दिसत होतं. तिनं पडदा मुठीत धरून ठेवला होता. बाहेर टेम्पोवाल्यानं गाडी चालू केली होती.

कुणाचं पुण्य कामी आलं कोण जाणे, पण मला त्या क्षणी सप्ताह आठवला.

"मामा, सप्ताहात पहाटे काकडा झाला, की शेवटी भैरवी म्हणता का न्हाय?"

"म्हणतो की."

"मग आरती. मग प्रसाद."

"व्हय."

"आणि मग त्या दिवशी कीर्तन होतं, का देवळाला कुलूप लावून घरी जाता?"

मामांनी टोपी मागं सरकवून डोकं खाजवलं. "ती बैठक निराळी आन् ही निराळी. पहिलीची आरती झाल्याली असती. दुसरीला नव्यानं नमन करायचं, मग पुढचं."

"मग करू या की तसं. ही बैठक आरतीनं संपवू, नमनानं दुसरी मांडू. रीतीला कुठं धक्का लागतोय?"

मामा विचारात पडले. चपला घातलेली आणि न घातलेली सगळी माणसं त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. शेवटी तानाबाईच्यानं राहवेना. "आकारामा, व्हय म्हण न्हायतर न्हाय म्हण. किती वेळ एका पायात चप्पल घालून हुबा ऱ्हाणार हाईस?"

"पर आरतीला परसाद कुठाय?" मामा म्हणाले.

आण्णा पळाले. एवढ्या वजनाचा माणूस इतका चपळ पळताना मी कधी पाहिलेला नाही. त्यांच्या स्कूटरच्या डिकीत कायम गुळाचे नमुने असतात. दोन पिशव्या भरून गूळ आला. व्यासपीठावर सरस्वतीचा फोटो होताच. तीनशे माणसं पुन्हा आत आली, उभ्यानं आरती झाली. ताट आण्णांच्याच हातात होतं. प्रत्येकाच्या तळव्यावर गुळाचा खडा पडला.

आता सगळा कारभार मामांनी हातात घेतला. "दिवा पुन्यांदा लावा. तंबोरं पुन्यांदा जुळवा. बासरीवालं पावणं, तुमी खाली या, आता तुमी आमच्यातलं." वृषभ गुळाचा खडा चघळत सतरंजीवर येऊन बसला.

मग मामांनी नामाचा गजर उचलला. सकाळी भाषणांना पंखे मोजणारी हीच माणसं. छत दणाणलं. बायकांनी वरची पट्टी धरली, टाळ नव्हते म्हणून तळहात वाजले. मी पुष्कळ उद्घाटनं बघितली आहेत. आमच्या महोत्सवाचं उद्घाटन सकाळी आठला झालं असं पत्रिकेत आहे, असू दे. मी तरी सव्वादहाच धरते.

निशिगंधा येऊन बसली. तिच्या कानात मी सांगून आले होते, "अर्ध्या तासात आवर हं बाई. माणसं पुन्हा उठली तर माझ्यानं नाही आवरणार." हे सांगायला नको होतं. पोरीनं सारंग राग धरला खरा, पण पाठीमागं कुणी लागल्यासारखी गायला लागली. सूर खरा, पण श्वास पुरेना. एक जागा सुंदर येते आहे म्हणेपर्यंत ती सोडून पुढं.

मामा अगदी मागं, दाराला पाठ लावून बसले होते. तोंड निर्विकार. पण पखवाजी माणूस, तबला सुरू झाल्यावर बोटं कशी गप्प राहतील? मांडीवर मात्रा मोजायला लागली. तालाचा फेरा फिरून पहिली सम आली, त्यांची बोटं थोडी मागंपुढं झाली. दुसरीला भुवया वर गेल्या. तिसऱ्या समेला नातीचा सूर आणि आजोबांचा तळवा एकाच क्षणी पडला. मामांनी शेजाऱ्याकडं पाहिलं, आपली चोरी त्यानं पकडली की काय अशा नजरेनं.

मग ते बसल्या बसल्या पुढं सरकले.

"सरका की वो जरा पावणं."

पुन्हा एक आवर्तन झालं, पुन्हा हातभर पुढं. कुणाच्या गुडघ्यावरून, कुणाच्या पिशवीवरून. तानाबाईला म्हणाले, "पाय घे की." ती म्हणाली, "दार सोडून हिकडं कुठं?" पाचव्या-सहाव्या आवर्तनाला मामा साहेबांच्या रिकाम्या खुर्चीच्याही पुढं, व्यासपीठाला टेकून, मान वर करून बसले होते.

निशिगंधानं डोळे उघडले आणि आबांना इतक्या जवळ पाहून ओळ अर्ध्यातच गिळली. तबलजीला खूण केली, लय वाढव. उरकून टाकायच्या बेतात होती.

तेव्हा मामा बोलले. भजनात नवख्या पोराला सांगावं तसे, सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात.

"सावकाश म्हण, पोरी. आमाला काय घाई न्हाय."

आण्णांनी कपाळाला हात लावला, त्यांच्या कागदातल्या नियमांपैकी एकही आता शिल्लक उरला नव्हता. हॉल हसला. निशिगंधाही हसली, अगदी मोकळी, खांदे हलवून. बाहेर टेम्पोवाल्यानं दोनदा हॉर्न दिला. कुणी मागं वळून बघेना, तेव्हा गाडी बंद करून तोही चपला काढून आत येऊन बसला.

निशिगंधानं घोटभर पाणी घेतलं, पदर नीट केला, तबलजीला पहिली संथ लय द्यायला सांगितलं. आणि ती ओळ तिनं पुन्हा पहिल्यापासून धरली.