लल्ला यामनाचा आवाज

माझ्या डोक्यावरची जाळी एका बाजूने चेपली आहे आणि वायर चिकटपट्टीने जोडलेली आहे. तरी मित्रांनो, मला लगेच भंगारात काढू नका. मी एक जुना माईक आहे. अ‍ॅटलास डोंगराच्या पायथ्याशी तिझगी नावाचे गाव आहे. तिथल्या गालिचे विणणाऱ्या बायकांच्या सहकारी संस्थेत, लोकरीच्या गुंड्यांमागे एका फळीवर मी पडून असतो. माझा जन्म कोणत्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही आणि त्याचे मला सोयरसुतकही नाही. मला कळू लागले ते यामनाच्या हातात आल्यावर.

यामना आमच्या गावच्या दवाखान्यातली परिचारिका. तिला सगळे मानाने लल्ला यामना म्हणत. दर बुधवारी आठवडी बाजार उठला की ती संस्थेच्या अंगणात मला हातात घ्यायची आणि बायकांपुढे बोलायची. पाणी उकळून प्या, बाळांना लस टोचून घ्या, साखर कमी करा. तिचा आवाज जरा घोगरा होता. मी तो कर्ण्यापर्यंत पोचवायचो आणि पार भिंतीकडेला बसलेल्या म्हाताऱ्यासुद्धा माना डोलवायच्या.

"लल्ला, साखर काढली तर चहात उरलं काय? पुदिना तर बकरीसुद्धा खाते!" इत्तो बसल्या जागेवरून ओरडायची.

"मग बकरीला कधी मधुमेह झालेला पाहिलास का?" यामना म्हणायची आणि अंगणभर हशा पिकायचा.

इत्तो ही गावातली सगळ्यांत तरबेज विणकरीण. मधुमेह होता तो तिलाच.

गंमत अशी की आमच्याकडे लग्न असो, मयत असो की कुणाचे आभार मानायचे असोत, निळ्या कागदात गुंडाळलेला साखरेचा सुळका घेऊन जातात. तो नाकारणे म्हणजे देणाऱ्याच्या तोंडावर दार आपटणे. त्यामुळे साखरेविरुद्ध तासभर बोलून यामना काखेत साखरेचे सुळके घेऊन घरी जायची. मला फार हसू यायचे.

बोलणे संपले की ती मला चटईवर ठेवायची आणि इत्तोचे पाय मांडीवर घ्यायची. मधुमेह्याच्या पायाला जखम झाली तरी कळत नाही, म्हणून बोटांच्या बेचक्यांत नीट बघायची.

"रोज सुई टोचून घेतेस ना?"

"घेते बाई. न घेऊन चालतंय होय? तुझा आवाज आठवला तरी हात आपोआप सुईकडे जातो."

इत्तोचे पाय शाबूत होते ते या धाकामुळे. असा आवाज माझ्या जाळीतून जातो, याचा मला अभिमान होता.

मग एके दिवशी झुहेर आला. तो याच गावचा. त्याला पहिली लस यामनानेच टोचली होती. आता तो शहरातल्या एका कंपनीत मोठा माणूस झाला होता. 'उद्याचा दवाखाना' या विषयावर तो बोलला. डोंगरातल्या बाईला आता गाढवावर बसून दवाखान्यापर्यंत यायला नको, म्हणाला. फोन उचलायचा, दुखणे सांगायचे, यंत्र आपल्याच भाषेत उत्तर देईल.

"यंत्राचं कोण ऐकणार रे बाबा?" इत्तो म्हणाली. "आम्ही ऐकतो ते फक्त लल्लाचं. तेसुद्धा निम्मं!"

सगळ्या हसल्या. झुहेरही हसला. पण बोलणे त्याने बरोबर टिपले. दुसऱ्या दिवशी तो भला थोरला साखरेचा सुळका घेऊन संस्थेच्या दारात हजर झाला.

"मावशी, मला तुमचा आवाज हवाय."

"आवाज काय मागून नेतात? मी अजून जिवंत आहे."

"तुम्ही थकाल, मावशी. तो थकायचा नाही. जिथं तुमचे पाय पोचत नाहीत, तिथं तो पोचेल."

एवढे बोलून त्याने तो सुळका सगळ्या बायकांदेखत तिच्या मांडीवर ठेवला. आमच्याकडे सुळका घेतला की शब्द दिल्यासारखाच. परत करावा तर त्याच्या घराण्याचा, अगदी वारलेल्या आईचाही अपमान. यामनाने तो घेतला.

झुहेरजवळ स्वतःचा चकचकीत माईक होता. पण लोकांच्या कानांना माझीच सवय आहे, म्हणून त्याने आवाज टिपणाऱ्या यंत्राला मलाच जोडायला सांगितले. मी हुरळून गेलो होतो, मित्रांनो! यामना तासन्‌तास बोलत राहिली आणि मी शब्द न्‌ शब्द जपून पुढे दिला.

सुरुवातीला सगळे छान चालले. फोनमधली लल्ला ताप आला की पाणी प्यायला सांगायची, गरोदर बाईला वेळेवर दवाखान्यात धाडायची. यामनाला त्याचा आनंद होता. पण हळूहळू बुधवारचे अंगण ओस पडले. घरबसल्या लल्ला भेटते, मग बाजारानंतर थांबतो कोण? इत्तोही येईनाशी झाली. तिचे पाय मांडीवर घ्यायला कुणी उरले नाही.

एका दुपारी इत्तोची सून रकिया संस्थेत हातमागावर बसली होती. तिच्या फोनमधून आवाज आला, "इत्तोला सांग, आमची ही औषधी मुळ्यांची पूड रोज घे. सुईची आता गरज नाही." तोच घोगरेपणा, वाक्याआधी घेतलेला तोच श्वास. माझ्या अंगावर काटा आला. यामना असे मेली तरी बोलली नसती. पण माझी वायर गुंडाळून ठेवलेली होती. मी कुणाला काय सांगणार?

हिवाळ्यात इत्तोचा पाय काळा पडला. शहरातल्या डॉक्टरांनी तो घोट्यातून कापला. ऐकताच यामना धावत संस्थेत आली.

"रकिया, सुई का थांबवलीत?"

रकियाने हातातला फोन पुढे केला. "तुम्हीच तर सांगितलंत, लल्ला!"

यामनाने झुहेरला फोन लावला.

"मावशी, आमची कंपनी दुसऱ्यांनी घेतली हो. आवाज त्यांच्याकडे गेला."

"गेला म्हणजे? मी तर ही बोलतेय!"

"तुमचा नाही. यंत्रातला तो."

"झुहेर, तुला मी मांडीवर घेऊन टोचलं होतं रे."

पलीकडून फोन बंद झाला.

पुढच्या बुधवारी तिने मला उचलले, बाजारात नेले आणि ओरडून सांगितले, "बायांनो, सुई सोडू नका! फोनमधली ती मी नाही!" काही जणी थांबल्या. ऑलिव्ह विकणारी एक जण खदखदून हसली. "फोनवर तूच म्हणतेस सोड, इथं तूच म्हणतेस धर. आधी तुझं तुझ्याशी ठरव, लल्ला!" बायका हसत पांगल्या. इतकी वर्षे खरे सांगितले, त्याचे हे फळ. कर्णा माझा, जाळी माझी, आवाज तिचाच. तरी विश्वास कुणाचा बसेना.

मला पिशवीत टाकून ती थेट इत्तोच्या घरी गेली. इत्तो भिंतीकडे तोंड करून निजली होती. यामना दारातच थांबली आणि हळूच म्हणाली, "इत्तो, कशी आहेस गं?"

इत्तोने मान वळवली नाही. "रकिया," ती म्हणाली, "तो फोन बंद कर. मला आता तिचं काही ऐकायचं नाही."

मला वाटले, यामना रडेल. ती रडली नाही. खाली बसली आणि पट्टी बदलू लागली.

मित्रांनो, मला पुसा, फडक्यात गुंडाळून नीट ठेवा, असे मी म्हणणार नाही. वस्तूचे काय, आज ना उद्या मोडायचीच. पण ज्याच्या शब्दावर माणसे आपला जीव सोपवतात, त्याचा आवाज जपा. तो गोड बोलून कुणी मागितला तर देऊ नका, आणि तुमच्या हाती आला तर विकू नका. यामना अजूनही रोज इत्तोकडे जाते. औषध देते, जखम धुते, पट्टी बांधते. पण त्या घरात ती तोंडातून एक अक्षरही काढत नाही.