उसनं नाव

"नंदिनी आहे का?"

दार उघडलं तर खालच्या मजल्यावरचा शौनक उभा, हातात बॅडमिंटनची रॅकेट.

"कोण नंदिनी? इथं कोणी नंदिनी राहत नाही. पाटी वाच. मुबीन दळवी लिहिलंय ना?"

"पण आंटी, उजमाच म्हणाली. 'मला होमवर्क आहे, नंदिनीला खाली पाठवते' म्हणून."

मी दार आपटलं. बिचाऱ्या पोराचा काय दोष! पण माझं हे असंच. भीती वाटली की मला आधी राग येतो, रडू नंतर. आत माझी आठ वर्षांची उजमा पुस्तकात डोकं घालून बसली होती. तिला दंडाला धरून उठवलं.

"किती वेळा सांगितलं, ते नाव या घरात घ्यायचं नाही म्हणून?"

"मी कुठं घेतलं? तीच निघाली होती खेळायला."

आता ही नंदिनी कोण, ते सांगते. परळच्या आमच्या चाळीत एकाच मजल्यावर दोन दळवी. आम्ही कोकणी मुसलमान, ते मराठे. गावं खाडीच्या अलीकडची-पलीकडची आणि आडनाव एक. शालन दळवी म्हणजे माझी जिवाभावाची मैत्रीण. तिची एकुलती एक नंदिनी सहाव्या वर्षी काविळीनं गेली. त्याला वर्ष व्हायच्या आत त्र्याण्णवचा दंगलीचा जानेवारी उजाडला. खाली अनोळखी पोरं कुठल्या खोलीत कोण राहतं ते विचारत फिरायला लागली.

शालनचा नवरा मधुकर कंपनीचा टेम्पो घेऊन आला. माझ्या नवऱ्याला, मुबीनला, मागं गाद्यांच्या खाली झोपवलं. मी बुरखा काढून शालनची साडी नेसले, टिकली लावली. काळी पोत आमच्यातही घालतात, ती गळ्यात होतीच. राहिली उजमा. चार वर्षांची पोर, कोणी विचारलं तर खरंच सांगणार. शालननं ट्रंकेतून लेकीचा पिवळा फ्रॉक काढला आणि उजमाला घातला. पार घोट्यापर्यंत आला. मग तिच्यासमोर उकिडवी बसून म्हणाली, "तुझं नाव नंदिनी. नंदिनी मधुकर दळवी. म्हण बघू." पुन्हा पुन्हा घोकून घेतलं. मला म्हणाली, "शमीम, आडनाव तर एकच आहे. पुढचं नाव तेवढं ने. माझ्या पोरीला आता ते कशाला लागतंय?" वाटीभर साखर उसनी नेतात, तसं आम्ही ते नाव नेलं.

वाशीच्या पुलाच्या अलीकडे एका टोळक्यानं टेम्पो अडवला. हातात सळया. मधुकरला काही विचारलं नाही, मलाही नाही. एकानं आत वाकून उजमाचा गाल धरला. "बाळा, नाव काय तुझं?"

"नंदिनी मधुकर दळवी."

तो आवाज माझ्या पोरीचा नव्हता. आई आहे मी, मला कळत नाही होय? "जाऊ दे रे," तो म्हणाला आणि टेम्पो सुटला. आमच्या मागच्या टॅक्सीला त्यांनी जाऊ दिलं नाही. मी वळून पाहिलं नाही. उजमा माझ्या खांद्यावरून मागं बघत होती.

नेरूळला फ्लॅट झाला, मुबीनला रबाळ्याच्या एका कंपनीत काम लागलं. शालन आणि मधुकर चाळ सोडून गावी गेले. नंदिनी मात्र आमच्याकडे राहायला आली.

सुरुवातीला मी हसण्यावारी नेलं. एका गुरुवारी सारसोळ्याची मासेवाली ताजे बोंबील देऊन गेली, मी हौसेनं तळले. उजमा म्हणाली, "माझ्या एकटीपुरते वाढ. ती गुरुवारी खात नाही." शालनकडे गुरुवार पाळायचे हे खरं, पण या टिचभर पोरीच्या ते ध्यानात कसं राहिलं? वाशीच्या डॉक्टरनं सांगितलं, "टेन्शन घेऊ नका, मुलं असे मित्र बनवतात." मौलवीसाहेबांनी दुआ फुंकून पाण्यावर दम करून दिला. उजमा अर्धं पाणी प्यायली आणि उरलेलं तिनं झाकून ठेवलं. म्हणे, हे तिचं.

पण माझं काळीज फाटलं ते निराळ्याच गोष्टीनं. एकदा मी तिचे केस विंचरत होते. सहज बोलावं तशी म्हणाली, "अम्मी, आधी ती माझी ताई होती. आता मी तिची ताई झालेय. ती वाढतच नाही गं. तिला अजून तो फ्रॉक होतो."

मी फणी आपटली. मी रिकाम्या पलंगाकडे बघून ओरडले, "जा की बाई आता! तुझे उपकार मान्य आहेत, पण माझी पोर मला परत दे!" शेजारच्या अस्मितावहिनी धावत आल्या, कोणाशी भांडताय म्हणून. काय सांगू त्यांना, कपाळ?

म्हणून शाळा बदलायचं निघालं. नेरूळमध्येच एक नवी शाळा सुरू झाली होती. अभ्यासक्रम ब्रिटिश, पुस्तकं तिकडची आणि जोडीला अरबी, कुराण, दुपारची नमाज. मुबीन म्हणाला, "तिथं सगळ्या उजमा नि सुमय्या. दिवसभर स्वतःचं नाव कानावर पडेल. नंदिनीला तिथं कोण विचारतंय?"

माझं मन काही एका जागी ठरेना. आहे त्या शाळेत ती रमली होती, शौनकच्या बेंचवर बसायची, भांडायची. आपल्याच माणसांत नेऊन कोंडायचं का तिला? मग तिच्या बाई भेटल्या. म्हणाल्या, "हजेरीला उजमा म्हटलं की ही आधी दाराकडे बघते. बाहेर कोणी नाही ना ते बघून मग हळूच 'हजर' म्हणते." ते ऐकलं आणि म्हटलं, बस झालं. माझी पोर तिच्या नावासकट परत मिळू दे, मला दुसरं काही नको.

मुलाखतीच्या सकाळी तिला दम भरला. "उजमा मुबीन दळवी. दुसरं नाव तोंडातून निघालं तर याद राख."

"ती नाही येणार आज," उजमा म्हणाली. "तू ओरडतेस म्हणून."

मोठ्या बाई कौसर मॅडम. मूळच्या श्रीवर्धनच्या, बरीच वर्षं बहरैनला शिकवून आलेल्या. गोड बाई. "नाव काय बेटा?" त्यांनी विचारलं.

"उजमा मुबीन दळवी."

खणखणीत, आणि स्वतःच्या आवाजात! माझे डोळे भरून आले. मुबीननं टेबलाखाली माझा हात दाबला. मग तिनं सूरा म्हणून दाखवली, इंग्रजी उतारा वाचला, गणितं केली. मॅडम खूश. "माशाल्ला! सोमवारपासून पाठवा. इंग्लंडमधली मुलं शिकतात ते सगळं शिकेल आणि आपण कोण ते लपवावं लागणार नाही. आमची बस दारात येईल. शाळेचं नाव लिहिलेलंच आहे वर, मोठ्या अक्षरात." मग उजमाकडे वळल्या. "तुला काही विचारायचंय?"

"हो. बस कोणी थांबवली तर कुठलं नाव सांगायचं?"

मॅडम हसल्या. "कोण थांबवणार, बेटा?"

"थांबवतात." तिला मॅडमचं नवलच वाटलं. "आमच्या मागची टॅक्सी थांबवली होती. त्यात पण एक मुलगी होती. पिवळा फ्रॉक नव्हता तिला. तिनं आपलं खरं नावच सांगितलं."

मुबीन माझ्याकडे बघत राहिला. तो गाद्यांखाली होता, आणि मी पाठ फिरवून बसले होते. इतकी वर्षं हे त्या एवढ्याशा जिवानं एकटीनं बाळगलं होतं. नाही, एकटीनं नव्हे.

"अम्मी, सांग ना. उजमा सांगू?"

हो म्हणायचं होतं मला. अल्ला शपथ, त्या एका 'हो'साठीच आम्ही तिथं बसलो होतो. शाळा चांगली होती, मॅडम चांगल्या होत्या, पण बसवरची ती मोठी अक्षरं काही डोळ्यांपुढून हलेनात.

"नाही," मी म्हणाले. "नंदिनी सांग. नंदिनी मधुकर दळवी, मोठ्यानं सांग. आणि तिला म्हणावं, अम्मी आता ओरडणार नाही. रोज बसमध्ये तुझ्याजवळ बसायला सांग तिला. एक दिवसही चुकवू नको म्हणावं."