डाव्या आरशाने पाहिलेला हिवाळा

मी आरसा बोलतोय, पण ड्रेसिंग टेबलवरचा नव्हे हं! कुंकू-पावडर आमच्या नशिबात नाही. कारला मागे कॅरव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, जोडली की कारच्या आरशांत नुसती तिची पांढरी भिंत दिसते. म्हणून त्यांच्यावर रबरी पट्ट्यांनी आणखी दोन लांब हातांचे आरसे बांधतात. त्यांतला डावा मी.

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत एका कार बूट सेलमधून, म्हणजे गाड्यांच्या डिकीतून जुनं सामान विकतात त्या बाजारातून, विष्णूरावांनी आम्हा दोघा भावांना उचललं. रिटायर झाल्यावरचा त्यांचा पहिलाच हिवाळा. नोव्हेंबरात घराची चावी शेजारच्या शेरॉनकडे देऊन ते आणि त्यांची बायको मंजिरी स्पेनला निघाले.

तिथे माझी ऐट काय विचारता! तिकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात आणि आपल्या इंग्लिश कारचं स्टिअरिंगही उजवीकडेच. मग ओव्हरटेक करताना डाव्या सीटवरच्या माणसाने मागचं बघून सांगावं लागतं. विष्णूराव विचारायचे, "मागे काय गं?" मंजिरी माझ्यात बघून सांगायची, "लॉरी आहे, थांबा," नाहीतर "क्लिअर आहे, जा आता."

पण एक गोष्ट मला एकट्यालाच ठाऊक होती. मंजिरी कॅम्पसाइटच्या शॉवरला गेली की विष्णूराव माझ्यासमोर येऊन उभे राहायचे. एक डोळा तळहाताने झाकायचे, मग दुसरा. "आबांसारखंच चाललंय," असं पुटपुटायचे. आबा म्हणजे त्यांचे वडील. काचबिंदूने अडुसष्टाव्या वर्षी त्यांची नजर पार गेली, आणि विष्णूरावांना आता सदुसष्ट. अहो, डॉक्टर गाठायचा सोडून हा गृहस्थ गाडी घेऊन समुद्रकिनारे पालथे घालतोय! मला तोंड असतं तर चांगली खरडपट्टी काढली असती.

मार्चमध्ये बोटीने पोर्ट्समथला उतरलो. इंग्लंडचा रस्ता आला, आपली डावी बाजू आली. आता ओव्हरटेकला उजवा आरसा पुरे, तो तर ड्रायव्हरच्या नाकासमोर. मला वाटलं, चला, आपली सुट्टी सुरू. तेवढ्यात मोटरवेवर विष्णूरावांनी विचारलं, "मागे काय गं? उजवीकडून कुणी येतंय?"

"मला इथून कसं दिसणार?" मंजिरी हसत म्हणाली. "तुमच्याच बाजूला आहे की आरसा."

विष्णूरावांनी डोळे बारीक करून उजव्या आरशात पाहिलं आणि गाडी होती त्याच लेनमध्ये ठेवली. मंजिरीचं हसू विरलं. तिने वळून नवऱ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "अहो, पुढच्या सर्व्हिसेसच्या थांब्यावर गाडी आत घ्या."

तिथून पुढे मंजिरीने गाडी चालवली. पंचवीस वर्षं ती कारने कामावर जायची, पण कॅरव्हॅन कधी ओढली नव्हती. पन्नास मैलांच्या वर काटा जाऊ दिला नाही. लॉऱ्या हॉर्न मारून पुढे जात होत्या, तिने ढुंकूनही पाहिलं नाही. शेजारी विष्णूराव माझ्याकडे तोंड करून बसले होते. "सगळं धुरकट दिसतं गं," शेवटी एकदाचे म्हणाले. "ऑक्टोबरपासून."

घरी पोचलो. कॅरव्हॅन मागे घेताना शेरॉनचं हेजचं कुंपण थोडं भादरलं गेलं, ते तिने पोटात घातलं. घर गारठलेलं, दाराआड पत्रांचा ढीग. किचनच्या खिडकीतून मला दोघं दिसत होती. खिचडी ताटात तशीच होती. चार महिन्यांनी घरी आलेली माणसं अशी बसतात का हो? माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मंजिरीने त्यांना ऑप्टिशियनकडे नेलं. माझे पट्टे सोडायचंसुद्धा कुणाला सुचलं नाही. मी तसाच कारवर, दुकानासमोर. तासाभराने विष्णूराव जवळजवळ पळतच बाहेर आले. चुकून भलत्याच कारचं दार ओढायला लागले.

"मोतीबिंदू!" लॉटरी लागल्यासारखे ओरडले. "दोन्ही डोळ्यांत साधा मोतीबिंदू! डोळ्यांचं प्रेशर एकदम नॉर्मल, काचबिंदू नाहीच. ऑपरेशन झालं की दिसणार!"

सुटलो बुवा! त्या दिवशी ते घर खरं घर झालं. हीटिंग चढलं, वॉशिंग मशीनला दम खाऊ दिला नाही. कॅरव्हॅनमधले डबे किचनमधल्या आपापल्या जागी गेले. विष्णूराव दुपारी चार तास स्वतःच्या पलंगावर घोरले, ते बाहेर ड्राइव्हवर उभ्या गाडीपर्यंत ऐकू आलं.

संध्याकाळी मंजिरी माझे पट्टे सोडत होती. विष्णूराव चहाचे मग घेऊन आले.

"एवढे महिने मला एका शब्दाने सांगितलं नाहीत," ती म्हणाली. "आणि वर म्हणे, स्पेनला जाऊ, तुला समुद्र दाखवतो! नजर तुमची जाणार होती ना? मग मला कशाला दाखवत होतात?"

विष्णूरावांनी तिचा मग बॉनेटवर ठेवला. "तू समुद्र नीट बघून ठेवला असतास," ते म्हणाले, "म्हणजे नंतर मला सांगितला असतास."

मंजिरीच्या हातातला पट्टा तसाच राहिला. मग नाक ओढत ती म्हणाली, "चहा निवतोय, प्या आधी."

आता मी गराजमध्ये रंगाच्या डब्यांशेजारी पडून आहे. ऑपरेशन मे महिन्यात आहे, तोवर गाडी मंजिरीच चालवते. माझं एवढंच मागणं आहे, की डोळ्यांपुढे धुकं आलं तर घरच्या माणसाला त्याच दिवशी सांगा. बाकी माझं बरं चाललंय. अंगावर थोडी धूळ बसली आहे, बसू दे.