किंचित लांब स्क्रू

“ताई, हा फोन तुमच्याऐवजी मी उघडला तर चालेल?”

प्रश्न तोंडातून सुटला आणि भिंगरीचे कान गरम झाले. फोन दुरुस्तीच्या दुकानाच्या काचेला बाहेरून नाकं चिकटवून उभ्या असलेल्या तिच्या मैत्रिणींनी, चष्मिश आणि लंबू यांनी, एकमेकींना टाळी दिली. ‘दम असेल तर विचारून दाखव’ ही पैज त्यांचीच. ताई हो म्हणाल्या तर काय करायचं, ते मात्र कुणीच ठरवलं नव्हतं.

आणि ताई चक्क हो म्हणाल्या!

“उघड की. पण एकदा झाकण निघालं की ते परत लागेपर्यंत उठायचं नाही. आणि काही बिघडलं तर घरी तू सांगायचं. मी तोंड उघडणार नाही.”

“पक्कं!” भिंगरी म्हणाली आणि धपकन स्टुलावर बसली.

फोन बाबांचा होता. बाबा घरोघरी पार्सलं पोचवायचे. पार्सल दारात ठेवलं की त्याचा फोटो काढायचा, नाहीतर ते पोचलंच नाही असं धरतात. हल्ली बॅटरी दुपारीच मान टाकायची, म्हणून आज कामाला सुट्टी असताना त्यांनी फोन लेकीच्या हातात दिला होता. “बॅटरी बदलून आण. आणि जरा जपून, बाई!”

ताईंनी झाकण गरम करून दिलं. भिंगरीने कडेच्या फटीत प्लास्टिकची पातळ पट्टी सरकवली. डिंक चिवटपणे ताणला गेला, तुटला, आणि झाकण निघालं. आत एवढंसं गाव वसलेलं! चकचकीत पत्रे, चपट्या पट्ट्या, मुंगीच्या डोक्याएवढे स्क्रू. तिला एकदम सगळंच उघडून बघावंसं वाटलं.

“हळू,” ताईंनी कागदावर फोनचा आकार काढला. “जो स्क्रू जिथून निघेल, तो या चित्रात तिथेच ठेवायचा. दिसायला भावंडं असली तरी उंची वेगळी असते.”

तेवढ्यात एक आजोबा आले. “हा फोन वाजतच नाही! कालच घेतलाय!”

“आजोबा, आवाज बंद केलाय तुम्ही.”

“मी? मी कशाला बंद करू? सुनेने केला असेल!”

ताई त्यांच्यात गुंतल्या. इकडे भिंगरीने जुनी बॅटरी काढून नवी बसवलीसुद्धा. हात चालत होते आणि टेबलाखाली उजवा पाय त्याहून जोरात चालत होता, थडथड थडथड. काचेपलीकडे लंबूने माकडाचं तोंड केलं. भिंगरी फिस्सकन हसली, गुडघा टेबलाला आपटला आणि कागदावरचे सगळे स्क्रू घरंगळत एका कोपऱ्यात जमा झाले.

आता? ताईंना हाक मारली तर त्या स्टुलावरून उठवणार. पैज गेली, अब्रू गेली. तिने स्क्रू बोटाने चिवडले. सारखेच तर दिसतायत! तिने भराभर पिळायला घेतले. कॅमेऱ्याशेजारचा एक मेला पूर्ण बसेना, डोकं किंचित वरच राहिलं. तिने ओठ दाबून अजून एक पीळ दिला. अगदी बारीक, कट् असं काहीतरी झालं. तिने ते ऐकलं नाही असं ठरवलं.

फोन सुरू झाला. बाहेर दोघी नाचायला लागल्या.

“कॅमेरा उघड,” ताई म्हणाल्या.

काळा. पुसून बघितलं, बंद करून चालू केलं. तरी काळाच.

ताईंनी तो स्क्रू काढून दुसऱ्याशेजारी नखावर ठेवला. “हा शेजारच्या भोकातला. केसभर लांब. खाली बोर्डात घुसला आणि आतली तार कापली.”

“जोडता येते?” भिंगरीने विचारलं.

“येते. भिंगाखाली वितळलेल्या कथलाचा डाख द्यावा लागतो. माझ्याकडे कामाचा ढीग आहे, आणि तुला करायचं तर आधी भंगार बोर्डांवर हात बसायला हवा. शाळेची सुट्टी जाईल अख्खी.”

बाहेर आल्याआल्या चष्मिश कुजबुजली, “सांग ना, ताईंनीच बिघडवला.”

“बाबांना काय कळतंय?” लंबू म्हणाली.

खरंच, किती सोपं! भिंगरी चालता चालता मनात वाक्यंसुद्धा जुळवायला लागली. बाबा तावातावाने दुकानात जातील, चार लोकांसमोर आवाज चढवतील. आणि ताई? त्या तर आधीच म्हणाल्या होत्या, मी तोंड उघडणार नाही. त्या मुकाट ऐकून घेतील. भिंगरी रस्त्यातच थांबली. ती वळली, धावत दुकानात गेली, ताईंना धाप लागलेल्या आवाजात काहीतरी विचारलं आणि तशीच पळत घरी आली.

आई कपड्यांच्या घड्या घालत होती. बाबांनी हात पुढे केला. “झाला का? आण.”

भिंगरीने दोन्ही खिशांतून दोन फोन काढून त्यांच्यासमोर ठेवले.

“बाबा, आई, मधे बोलू नका, नाहीतर मी विसरेन. बॅटरी नवी आहे, पण कॅमेरा गेलाय. ताईंनी नाही, मी घालवला. उद्यापासून कामावर माझा फोन न्या, पासवर्ड काढून टाकलाय. सुट्टीतल्या पोहायच्या क्लासला मी जाणार नाही, सुट्टीभर ताईंकडे डाख द्यायला शिकणार. त्या हो म्हणाल्यात. आणि हा कॅमेरा मीच दुरुस्त करणार. तोवर रागवायचं असेल तर रोज थोडं थोडं रागवा, एकदम नको.”