जाणाऱ्याची पूजा

वरवट बकालच्या बसथांब्यावर लागलेल्या फ्लेक्सवर गोकुळचा फोटो चार फुटी होता आणि वंदनाचा, खालच्या कोपऱ्यात, तळहाताएवढा. विदेशगमनाबद्दल गोकुळभाऊंचे हार्दिक अभिनंदन केलेले होते आणि वाक्य संपता संपता 'व सौ.' एवढी दोन अक्षरे, दाराशी काढून ठेवलेल्या चपलांसारखी, बाजूला पडलेली होती.

वस्तुस्थिती थोडी निराळी होती. खारपाणपट्ट्यातल्या मातीत मीठ कसे वर चढते, याचा अभ्यास वंदना आठ वर्षे करीत होती. नेदरलँड्समधल्या एका विद्यापीठाने तिला दहा महिन्यांसाठी बोलावले होते, पैसे तेच देणार होते. गोकुळचे बियाणे-खताचे दुकान होते. ते त्याने धाकट्या भावावर, गोविंदावर, सोपवले होते. त्याच्या व्हिसावर प्रवासाचे कारण दिलेले होते: पत्नीसोबत राहणे. हा मजकूर वंदनाने सासऱ्यांना, उत्तमरावांना, दोनदा मराठीत करून सांगितला. दोन्ही वेळा त्यांनी, समजून घेण्याचा मुळीच इरादा नसलेल्या माणसाच्या गांभीर्याने, मान हलवली आणि दोन्ही वेळा पारावर जाऊन सांगितले, "पोरगा हॉलंडले चालला. सून संगं राहीन, स्वयंपाकाची सोय होते."

वंदना वाद घालीत नसे. चुकीच्या गृहीतकाशी भांडण्यापेक्षा ते शेवटी कुठवर नेते हे पाहण्यात तिला अधिक रस होता. सोमवारी सकाळी नऊ वाजता तिने जातीने विद्यापीठात हजर व्हायचे होते. न झाल्यास जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराकडे जाईल, असे पत्रात ठळक अक्षरांत होते. ठळक अक्षरांवर तिची श्रद्धा होती.

खामगावहून गोकुळने एकसारख्या दोन मरून बॅगा आणल्या होत्या, कारण जोडी स्वस्त पडत होती. सामान सासूबाईंनी, पुष्पाबाईंनी, स्वतः भरले. गोकुळच्या बॅगेत नवे जाड जाकीट, तीन स्वेटर, लोकरी मोजे आणि कानटोपी. वंदनाच्या बॅगेत दोन शाली, चार साड्या आणि उरलेल्या जागेत पापड, कुरडया, मूगवड्या, तिखट.

"आई, मलाही थंडी वाजेल तिथं," वंदना म्हणाली.

"तुले काय लागते, बाई. तुले तं घरातच बसाचं आहे," पुष्पाबाई म्हणाल्या आणि कुरडयांची आणखी एक पिशवी दाबून बसवली.

त्या घरात कोणतीही नवी वस्तू कुंकवाशिवाय वापरात येत नसे. ट्रॅक्टर, मोटारपंप, मिक्सर, सगळे कपाळ रंगवूनच कामाला लागले होते. दुकानातल्या संगणकाच्या पडद्यावर दोन वर्षांपूर्वीचे स्वस्तिक अजूनही होते आणि गिऱ्हाइकाचे बिल त्याच्या उजव्या बाहूखालून वाचावे लागे. तेव्हा निघण्याच्या सकाळी देवघरात आणखी काय रंगले असेल, हे कोणी विचारायला हवे होते. कोणी विचारले नाही. गावातल्या कडूबाची भाड्याची व्हॅन दारात उभी होती आणि सगळ्यांना घाई होती.

शेगावला दर्शन झाले, प्रसाद झाला. दुपारच्या गाडीला पाऊण तास होता. व्हिसा काढून देणाऱ्या एजंटाने त्याच्या पानाच्या दोन-दोन प्रती काढून ठेवायला सांगितले होते, म्हणून मंडळी स्टेशनासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात शिरली. दुकानदाराने गोकुळचा पासपोर्ट उघडला, डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ आणला.

"भाऊ, याच्यावर काय सांडलं?"

काही सांडले नव्हते. व्हिसावरच्या गोकुळच्या फोटोला, अगदी भुवयांच्या मध्ये, ओल्या कुंकवाचा ठसठशीत टिळा होता. टिळ्यावर दोन अक्षता चिकटल्या होत्या. शेजारी, क्रमांकाच्या ओळीवर, हळदीचे बोट.

"आई," गोकुळ हळूच म्हणाला, "हे काय केलं?"

"काय केलं मंजे? पूजा केली. इतक्या लांब जाऊन राह्यला तू, तसंच कोरडं जाऊ देऊ काय?"

इथपर्यंतचे नुकसान कदाचित भरून आले असते. पण कडूबा उदार माणूस होता. त्याने डिकीतून फडके काढले, टाकीतल्या पेट्रोलमध्ये भिजवले आणि म्हणाला, "आणा इकडं. पेट्रोलनं काहीबी निघते." त्याचे म्हणणे शब्दशः खरे ठरले. क्रमांक निघाला, तारीख निघाली, गोकुळचा डावा गाल निघाला. कुंकू तेवढे राहिले.

एजंटाला फोन लावला. एजंटाने आधी 'पेट्रोल?' एवढेच विचारले. नंतर सांगितले की नवा पासपोर्ट, मग नवा व्हिसा. सहा आठवडे धरा.

वंदनाने पर्स उघडली. आपल्या पासपोर्टाचे पान न् पान उलटून पाहिले. पण पासपोर्ट कोरा करकरीत होता. टिळा नाही, अक्षत नाही, बोटाचा ठसासुद्धा नाही.

"आई, माझ्या पासपोर्टाची पूजा नाही केली?"

पुष्पाबाई ओशाळल्या. "तुया राहून गेला, बाई. नाई मंजे, राहून नाई गेला. जाणाऱ्याची पूजा करतेत. तू तं त्याच्या संगं जाऊन राह्यली, मनून…"

वंदनाला हसू येत होते. आठ वर्षांच्या संशोधनात इतका स्वच्छ निष्कर्ष तिच्या हाती लागला नव्हता. तिने पासपोर्ट पर्समध्ये ठेवला आणि चेन ओढली.

उत्तमरावांनी निकाल दिला. "सहा हप्ते तं सहा हप्ते. दोघंबी मंग जा. त्या लोकायले फोन करून सांग, मालकाचं काम निघालं मनून."

"त्यांना मालक माहीत नाहीत, बाबा. त्यांना मी माहीत आहे. सोमवारी नऊ वाजता."

"एकटी कशी जाशीन?"

"तिकीट आहे, कागद आहेत. विमान मला चालवायचं नाही."

उत्तमरावांनी मुलाकडे पाहिले. गोकुळच्या गळ्यात सकाळचा झेंडूचा हार होता आणि हातात पेट्रोलचे फडके. गेल्या अर्ध्या तासात त्याने आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःचा व्हिसा नीट वाचला होता, म्हणजे उरलेला भाग.

"बाबा, हिच्याशिवाय मले जाता येत नाही, तसं लिहून आहे," तो म्हणाला. "माझ्याशिवाय हिनं जाऊ नये, असं कुठंच लिहून नाही. चल वंदना, गाडी आली."

फलाटावर धावपळ झाली. गोकुळने डब्यात शिरून बॅग वर टाकली आणि गाडी सुटायच्या आत उडी मारून उतरला. पुष्पाबाई कुंकवाचा करंडा उघडून खिडकीशी धावल्या. त्यांचे बोट भरलेले होते, पण ते मध्येच थांबले.

"कुठं लावू, बाई?"

"कपाळाला, आई," वंदना म्हणाली आणि पर्स पाठीमागे सरकवली. "फक्त कपाळाला."

गजातून हात आत आला. टिळा थोडा भुवईवर गेला, कारण गाडी हलली होती.

नांदुरा स्टेशन मागे पडून बराच वेळ झाल्यावर तिला शाल हवी होती, म्हणून तिने बॅग खाली घेऊन उघडली. वरच कानटोपी होती. तिच्याखाली तीन स्वेटर, लोकरी मोजे आणि जाड जाकीट. पापडाचा तुकडासुद्धा नव्हता. तिने फोन लावला.

"तुमची बॅग आली माझ्याकडं."

"समजलं," गोकुळ म्हणाला. "तुयी व्हॅनमध्ये आहे. आत्ताच घरी पोचलो, गोविंदा कुरडया खाली उतरवाले लागला." मागून पुष्पाबाईंचा आवाज आला, पोस्टानं धाडता येतीन काय विचार. "आई विचारून राह्यली, पोस्टानं…"

"ऐकलं मी. नको म्हणा. तुम्ही याल तेव्हा आणा. पूजा न करता."

तो हसला. मग म्हणाला, "साड्या तिकडं काही कामाच्या नव्हत्याच तशा. जाकीट घाल. बाह्या लांब होतीन तुले."

वंदनाने जाकीट अंगाला लावून पाहिले. बोटे बाहीच्या आतच राहत होती.

"दोनदा दुमडीन," ती म्हणाली.