डी मध्ये जपलेला आवाज

मित्रांनो, ब्राह्मणपुरीत केळीच्या बागांकडे जाणाऱ्या वाटेवर एक घर आहे. तिथे खिडकीखालच्या टेबलावर मी असतो. मी आता जुना झालेला कॉम्प्युटर आहे. शहाद्याच्या एका दुकानात माझे सुटे भाग जोडले गेले आणि या घरचे कर्ते भूपेंद्र मला जीपमध्ये मांडीवर घेऊन घरी आले. त्यांची मुलगी रुपा तेव्हा नुकती चालायला लागली होती. तिच्या आईने, चारुलताने, मला हळद-कुंकू लावलं आणि वर रुमाल झाकला.

माझ्यावर विंडोज होतं. दुकानदाराने माझ्या डिस्कचे दोन कप्पे केले होते, सी आणि डी. आमच्याकडे सगळ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते. कॉम्प्युटर बिघडला की फॉरमॅट मारायचा. त्यात सी पुसला जातो, डी ला काही होत नाही. म्हणून जपायचं ते सगळं डी मध्ये ठेवायचं. भूपेंद्रही तसंच करत. रुपाचे शाळेतले नाच, शेताचे फोटो, सगळं डी मध्ये. किती तरी वेळा माझा सी पुसला गेला, डी ला धक्का लागला नाही.

रुपाच्या धाकट्या भावाचा, पवनचा, जन्म झाला तेव्हा रुपाने मोबाइलवर एक व्हिडिओ काढला. भूपेंद्र बाळाला हातांवर घेऊन सांगत होते, "पवन, हाई तुन्ही बहीण शे. ती सांगी तसं आयकजो." मग ते स्वतःच हसतात. एवढाच व्हिडिओ. तोही भूपेंद्रंनी माझ्या डी मध्ये उतरवून ठेवला.

त्याच पावसाळ्यात भूपेंद्रंना कावीळ झाली. दवाखान्यातून ते परत आले नाहीत. धावपळीत मोबाइलही हरवला. आता त्यांचा आवाज फक्त माझ्या डी मध्ये उरला होता.

संध्याकाळी रुपा तो व्हिडिओ लावायची. पण मी थकलो होतो. विंडोजची देखभाल आता बंद झाली, अशी सूचना रोज पडद्यावर यायची. व्हिडिओ मध्येच अडकायचा. भूपेंद्रंचं तोंड उघडं राहायचं आणि आवाज तुटायचा. रुपा माझ्या डब्यावर हात ठेवून वाट बघत बसायची.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. गेलेल्या माणसाच्या नावाने त्या दिवशी घागर भरतात. भूपेंद्रंची ही पहिलीच घागर. सगळे नातेवाईक जमणार होते. पप्पा सगळ्यांना न अडकता ऐकू यावेत, एवढंच रुपाचं मागणं होतं. तिचा काका भाग्येश धुळ्याच्या कॉलेजातून आला होता. त्याने मला सुरू केलं आणि कपाळाला हात लावला.

"वहिनी, हाई कॉम्प्युटर शे का म्हतारा बैल? बैल तरी हाकलं ते उठस."

"शिव्या नको देऊ, भाऊ. तुन्हा दादानी लयेल शे."

"याले लिनक्स टाकी देस. पयाले लागी." लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी बसणारी दुसरी प्रणाली; तिच्यावर जुना कॉम्प्युटरही पळू लागतो.

चारुलताचे हात सांजोरीच्या पिठात होते. ती दारात आली. "भाऊ, पप्पाना व्हिडिओ डी मा शे, बरं का."

"डी ले काय व्हत नही, वहिनी. इतला डाव फॉरमॅट मारा, कधी काही गयं का?"

ती परत चुलीकडे गेली. तिलाही हेच ठाऊक होतं.

मित्रांनो, लिनक्स वाईट नाही. त्याने मला पुन्हा तरुण केलं. पण त्याच्या पडद्यावर सी आणि डी ही अक्षरं नव्हती. 'पूर्ण डिस्क पुसून बसवा' असं लिहिलेलं होतं. त्यात डी सुद्धा आला, पण फक्त सी पुसला जाईल असं समजून भाग्येशने ते दाबलं. मला ओरडता आलं नाही. जे पुसायला सांगितलं ते मी पुसलं.

नंतर मी झरझर चालू लागलो. भाग्येशने पवनसाठी कार्टून उतरवली, गाणी उतरवली. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. मग रुपा खुर्ची ओढून बसली.

"काका, डी कोठे शे?"

"आठे नाव बदलस. थांब."

तो शोधत राहिला. बोटं हळू झाली, मग थांबली. दारात चारुलता उभी होती. हाताला लागलेलं पीठ तिने तसंच वाळू दिलं.

भाग्येशने मला नंदुरबारला नेलं. तिथल्या माणसाने बरंच खोदलं. काही अर्धेमुर्धे फोटो निघाले. व्हिडिओचं नाव निघालं, व्हिडिओ उघडला नाही. "पुसल्यावर यात नवीन काही भरलं का? नव्याने जुन्याची जागा घेतली की ते परत येत नाही." त्याने विचारलं. भाग्येशने मान खाली घातली. तेव्हापासून तो घरी आला की माझ्या खोलीत येत नाही.

आता पवन बोलू लागला आहे. परवा जेवताना त्याने विचारलं, "पप्पा कसा बोले?"

"जाडा आवाज व्हता," रुपा म्हणाली.

"नही वं, बारीक व्हता," चारुलता म्हणाली. "नाकमा बोलेत जरासा."

"नही मम्मी, जाडाच व्हता."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. पवन आळीपाळीने दोघींकडे बघत होता. कोण खरं, हे सांगणारं माझ्यात काहीच उरलं नव्हतं.

मित्रांनो, घरच्या कॉम्प्युटरवर काही नवं जरूर बसवा. पण आधी त्यातलं आपल्या माणसाचं जे असेल ते उघडून बघा आणि दुसरीकडे, आमच्याबाहेर, उतरवून ठेवा. 'पुसू का?' असं आम्ही एकदाच विचारतो. तुम्ही हो म्हणालात की आम्हाला नाही म्हणता येत नाही.